प्रकाशाचे अपवर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानात 'प्रकाशाचे अपवर्तन' हा छोटासा धडा आहे. एक व्याख्या, दोन नियम, काचेच्या चिपेची आकृती, की धडा संपला. पुढे तोच विषय चष्म्याच्या दुकानात, द्राक्षबागेत, सराफाच्या पेढीवर आणि मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर पुन्हा भेटतो, आणि धड्यातल्या व्याख्येने काम भागत नाही. अशा वेळी जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही, पण पहिले तीन आधी वाचले तर पुढचे सोपे जातील.

अपवर्तन म्हणजे नेमके काय?

प्रकाश एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरका शिरतो तेव्हा त्याची दिशा बदलते, ही पुस्तकी व्याख्या. ती बरोबर आहे, पण ती परिणाम सांगते, कारण नाही. मूळ घटना आहे वेग बदलण्याची. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर जातो. पाण्यात हा वेग साधारण सव्वादोन लाखांवर येतो, काचेत दोन लाखांच्या आसपास, तर हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख. पोकळीतल्या वेगाला माध्यमातल्या वेगाने भागले की जो आकडा येतो तो त्या माध्यमाचा अपवर्तनांक: हवा १.०००३, बर्फ १.३१, पाणी १.३३, रॉकेल १.४४, साधी काच १.५२, हिरा २.४२.

प्रकाश पृष्ठभागावर सरळ, म्हणजे लंबरूप पडला तर दिशा अजिबात बदलत नाही. वेग मात्र तेव्हाही बदलतो. 'वाकणे म्हणजे अपवर्तन' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

वेग बदलला म्हणून दिशा का बदलावी?

लेझीम पथकाची एक लांब रांग मैदानातून चालली आहे असे समजा. पुढे चिखल आहे आणि चिखलाची कड रांगेला तिरकी आहे. आधी एका टोकाची मुले चिखलात शिरतात, त्यांची पावले आखूड पडतात. दुसऱ्या टोकाची मुले अजून कोरड्या जमिनीवर असल्याने पहिल्याच वेगाने पुढे जातात. सगळी रांग चिखलात उतरेपर्यंत तिचे तोंड फिरलेले असते. प्रकाशाच्या तरंगाचे नेमके हेच होते. आणि चिखलाची कड रांगेला समांतर असेल, तर सगळे एकाच वेळी मंदावतात आणि रांग सरळच जाते.

वेग कमी झाला तर किरण स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला काढलेल्या लंबाकडे, झुकतो, वाढला तर स्तंभिकेपासून दूर जातो. पुढच्या सगळ्या उत्तरांना एवढे पुरते.

पण प्रकाश काचेत मंदावतो तरी का? अणूंवर आपटत, अडखळत जातो म्हणून?

नाही. हे उत्तर इतक्या ठिकाणी छापलेले आहे की ते खोडून काढायला थोडी जागा घेतो. प्रकाश खरोखर अणूंवर आपटत गेला असता, तर प्रत्येक टकरीनंतर तो कुठल्याही दिशेला फेकला गेला असता. दुधात तसे काहीसे होते: स्निग्धाचे आणि प्रथिनांचे कण प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून दूध पांढरे दिसते आणि त्याच्या आरपार दिसत नाही. काचेतून तर पलीकडचे अक्षर न् अक्षर वाचता येते.

खरा प्रकार असा. प्रकाश हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा तरंग आहे. तो काचेत शिरला की त्यातले विद्युत क्षेत्र अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना हलवू लागते. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः त्याच वारंवारतेचा बारीक तरंग बाहेर सोडतो. मूळ तरंग आणि अब्जावधी इलेक्ट्रॉनांनी सोडलेले तरंग यांची बेरीज केली तर पुढच्या दिशेने एकच नीट तरंग उरतो, बाकीच्या दिशांना ते एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. मात्र हा उरलेला तरंग मूळ तरंगापेक्षा किंचित मागे पडलेला असतो. काचेच्या प्रत्येक थरात तो आणखी थोडा मागे पडतो. हे साचत गेलेले मागे पडणे म्हणजेच आपण मोजतो तो कमी वेग.

यातून आणखी एका प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते: काचेतून बाहेर पडल्यावर प्रकाशाला पुन्हा वेग कोण देतो? कोणीच नाही. बाहेर त्याला मागे पाडणारे इलेक्ट्रॉन (जवळजवळ) नाहीत, एवढेच.

जड पदार्थाचा अपवर्तनांक जास्त असतो का?

असे काही नाही. रॉकेल पाण्यावर तरंगते, म्हणजे पाण्यापेक्षा हलके आहे, तरी त्याचा अपवर्तनांक पाण्याहून जास्त आहे. खाद्यतेलांचेही तेच, त्यांचा साधारण १.४७. पाठ्यपुस्तकातले 'घन माध्यम' आणि 'विरल माध्यम' हे शब्द प्रकाशापुरते आहेत, तराजूपुरते नाहीत. इलेक्ट्रॉन किती आहेत आणि ते किती सहज हलतात यावर सगळे ठरते.

स्नेलचा नियम स्नेलनेच शोधला का?

शोधला, पण पहिला तो नव्हता आणि त्याने छापलाही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने हवा-पाणी, हवा-काच यांच्यासाठी कोनांची कोष्टके केली होती, मात्र त्यामागचे सूत्र त्याच्या हाती लागले नाही. बगदादच्या दरबाराशी संबंध असलेल्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास भिंगांवर लिहिलेल्या ग्रंथात योग्य नियम भूमितीच्या भाषेत मांडलेला आहे. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटला तो १६०२ च्या सुमारास सापडला, त्यानेही छापला नाही. नेदरलँड्सच्या विलेब्रॉर्ड स्नेलने १६२१ मध्ये शोधला आणि १६२६ मध्ये तो वारला. छापील स्वरूपात हा नियम आला तो १६३७ मध्ये, देकार्तच्या ग्रंथात. म्हणून फ्रान्समध्ये आजही काही जण याला देकार्तचा नियम म्हणतात.

नियम असा: आपतन कोनाच्या साइनला पहिल्या माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणा, अपवर्तन कोनाच्या साइनला दुसऱ्याच्या अपवर्तनांकाने गुणा, दोन्ही गुणाकार सारखेच येतात. ४५ अंशांनी आलेला किरण पाण्यात ३२ अंशांवर येतो, दीड अपवर्तनांकाच्या काचेत सुमारे २८ वर, हिऱ्यात १७ वर.

मंदावण्याचा भाग सिद्ध व्हायला मात्र आणखी दोन शतके गेली. न्यूटनच्या कणसिद्धांतानुसार प्रकाश पाण्यात जास्त वेगाने जायला हवा होता, हायगेन्सच्या तरंगसिद्धांतानुसार कमी. स्नेलचा नियम दोघांच्याही गणितातून निघत होता, त्यामुळे नुसते कोन मोजून वाद मिटणारा नव्हता. १८५० मध्ये फूको आणि फिझो यांनी पाण्यातल्या वेगाची हवेतल्या वेगाशी तुलना केली. पाण्यात तो कमी भरला.

या धड्यात परीक्षेला गुण कुठे जातात?

कोन पृष्ठभागापासून मोजला जातो तिथे. तो नेहमी स्तंभिकेपासून मोजायचा. दुसरे, चिपेच्या आकृतीत निर्गत किरण आपाती किरणाला समांतर काढायचा असतो, त्याच रेषेत नाही. तो बाजूला सरकलेला असतो. किती सरकतो? ५ मिलिमीटर जाडीच्या काचेत ४५ अंशांनी शिरणारा किरण साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर. खिडकीतून पाहताना झाड जागचे हलल्यासारखे वाटत नाही ते यामुळेच.

विहीर किंवा तलाव आहे त्यापेक्षा उथळ का दिसतो?

तळाकडून निघालेला किरण पाण्याबाहेर येताना स्तंभिकेपासून दूर झुकतो. डोळ्याला हे वाकणे कळत नाही. तो किरण सरळ मागे वाढवतो आणि तळ वर उचललेला पाहतो. अगदी वरून सरळ खाली पाहिले तर भासमान खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपट असते, म्हणजे आठ फुटांचे पाणी सहा फुटांचे दिसते. काठावरून तिरके पाहिले तर त्याहूनही कमी. आणि काठावर उभा असलेला माणूस नेहमी तिरकेच पाहतो. नदीचा डोह, शेततळे, खाणीत साचलेले पाणी, इथे 'तळ दिसतोय, म्हणजे फार खोल नसणार' हा अंदाज म्हणूनच धोक्याचा आहे. पाणी जितके नितळ, तितका तो जास्त फसवतो.

भाल्याने मासा मारणारे दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतात, त्याचे कारणही हेच.

पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर दिसते, गॉगल लावला की स्पष्ट. गॉगलच्या काचेला तर नंबर नसतो, मग?

गॉगलची काच काहीच करत नाही. काम करते ती तिच्यामागे अडकलेली हवा. डोळ्यात प्रकाश वाकवण्याचे मोठे काम डोळ्यातले भिंग करते असा समज आहे, पण सुमारे दोन तृतीयांश काम बाहेरचे पारपटलच (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) उरकते. त्याचा अपवर्तनांक साधारण १.३८. समोर १.०० ची हवा असली तर किरण भरपूर वाकतात. समोर १.३३ चे पाणी आले की फरकच उरत नाही आणि डोळ्याची बहुतेक शक्ती निघून जाते. अचानक दूरदृष्टीचा जबरदस्त नंबर लागल्यासारखे होते. गॉगल पारपटलासमोर पुन्हा हवेचा थर उभा करतो.

त्याची किंमत म्हणजे, मालवणजवळ स्नॉर्कलिंग करताना मुखवट्यातून मासे खऱ्याहून जवळ आणि साधारण एक तृतीयांशाने मोठे दिसतात. 'एवढा मोठा होता' म्हणणाऱ्याला थोडी सूट द्यायला हरकत नाही. माशाला हा त्रास नाही, कारण त्याच्या डोळ्यातले भिंग जवळजवळ गोल चेंडूसारखे असते आणि सगळे वाकवणे तेच करते.

पूर्ण आंतरिक परावर्तन कधी होते?

प्रकाश मंद माध्यमातून वेगवान माध्यमाकडे जात असतानाच, आणि तोही पुरेसा तिरका असेल तर. पाण्यातून हवेत जाताना ४८.६ अंशांपलीकडे स्नेलच्या नियमाला उत्तरच सापडत नाही: साइन एकाहून मोठी मागितली जाते. मग सगळा प्रकाश परत पाण्यातच येतो. या मर्यादेला क्रांतिक कोन म्हणतात. काचेसाठी तो जवळपास ४२ अंश, हिऱ्यासाठी फक्त २४.४.

पाणी शांत असताना पाणबुड्याने वर पाहिले तर सगळे आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत कोंबलेले दिसते. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो.

ऑप्टिकल फायबर यावरच चालते ना?

हो. आत जास्त अपवर्तनांकाचा गाभा, बाहेर किंचित कमी अपवर्तनांकाचे आवरण, दोन्ही काचेचेच. गाभ्यातला प्रकाश आवरणाच्या सीमेवर इतका तिरका आदळतो की बाहेर पडू शकत नाही. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये तंतूंच्या जुडीतून चित्र नेण्यावरचे काम प्रसिद्ध केले. काचेतली अशुद्धी काढली तर प्रकाश लांबवर नेता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवले, आणि २००९ चे नोबेल त्यांना मिळाले. कपानींना या नोबेलमध्ये वाटा मिळायला हवा होता असे अनेकांना वाटते, मलाही.

फायबरची काच सुमारे १.४६ अपवर्तनांकाची असते, त्यामुळे त्यातला वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास. दर हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालच्या ज्या केबली किनाऱ्याला लागतात, त्यांतून युरोपात जाणाऱ्या संदेशाला हा उशीर चुकत नाही. कितीही महागडे राउटर घेतले तरी काचेचा अपवर्तनांक बदलत नाही.

खरा हिरा पाण्यात टाकला की दिसेनासा होतो, हे खरे का?

खोटे. वस्तू द्रवात दिसेनाशी व्हायची तर दोघांचे अपवर्तनांक जुळावे लागतात. हिरा २.४२, पाणी १.३३. कुठेच जुळत नाही. 'खरा हिरा बुडतो, खोटा तरंगतो' हेही तसेच. आपल्याकडे अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा क्युबिक झिर्कोनिया हिऱ्याहून जड असतो, तो आधी बुडेल.

छापील कागदावर खडा पालथा ठेवून अक्षरे वाचता येतात का पाहण्याची युक्ती थोडी शास्त्रीय आहे. चांगल्या पैलूंच्या हिऱ्यात क्रांतिक कोन लहान असल्याने खालून आलेला प्रकाश सरळ वर येत नाही, अक्षरे वाचता येत नाहीत. काचेतून बऱ्याचदा वाचता येतात. पण हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉयसनाइट या खड्याचा अपवर्तनांक हिऱ्यापेक्षाही जास्त, सुमारे २.६५. तो ही परीक्षा हसतखेळत पास होईल. पैशांचा प्रश्न असेल तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.

चष्म्याच्या दुकानात १.५६, १.६७, १.७४ असे आकडे सांगतात. महाग काच घ्यावी का?

हे आकडे अपवर्तनांकाचेच. साध्या प्लास्टिक काचेचा १.५० असतो. आकडा वाढला की तेवढेच वाकवण्यासाठी कमी वक्रता लागते आणि काच पातळ होते. नंबरामुळे येणारी जादा जाडी १.७४ मध्ये १.५० च्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने कमी होते. उणे सात-आठ नंबर असेल तर हा फरक कडेला लगेच दिसतो. उणे दीडसाठी १.७४ घेणे म्हणजे दुकानदाराला भेट देणे.

दुकानात सहसा सांगत नाहीत अशा दोन गोष्टी. एक, अपवर्तनांक वाढला की पृष्ठभागावरून परावर्तनही वाढते: १.५० च्या काचेत प्रत्येक बाजूला सुमारे ४ टक्के, १.७४ मध्ये ७ टक्क्यांहून थोडे जास्त. म्हणून अशा काचेला अँटी-ग्लेअर लेप लागतोच, तो ऐच्छिक नाही. दोन, जास्त अपवर्तनांकाच्या बहुतेक काचा रंगांचे अपस्करण जास्त करतात, म्हणजे प्रकाशातले रंग जास्त वेगळे करतात. काचेच्या कडेतून ट्यूबलाइट पाहिली की निळी-नारिंगी झालर दिसते. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५९ च असला तरी झालरीच्या बाबतीत तो वाईटच. मात्र सहजासहजी फुटत नाही, म्हणून लहान मुलांसाठी तोच योग्य.

द्राक्षाची गोडी मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाचा अपवर्तनाशी काय संबंध?

ते उपकरण म्हणजे हँड रिफ्रॅक्टोमीटर, आणि ते दुसरे काही मोजतच नाही. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांच्या खिशात ते असते. पाण्यात साखर विरघळली की अपवर्तनांक वाढतो: शुद्ध पाण्याचा १.३३३, वीस टक्के साखरेच्या द्रावणाचा १.३६४. रसाचा थेंब लोलकाच्या काचेवर ठेवून झाकण लावले की लोलक आणि रस यांच्या सीमेवर एक क्रांतिक कोन ठरतो. त्या कोनाच्या एका बाजूचा प्रकाश पट्टीपर्यंत पोहोचतो, दुसऱ्या बाजूचा नाही. उजेडाकडे धरून पाहिल्यावर निळ्या आणि पांढऱ्या भागांतली जी रेघ दिसते ती या क्रांतिक कोनाची रेघ. साखर वाढली की रेघ सरकते. पट्टीवर आकडे मात्र ब्रिक्सचे छापलेले असतात, १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, या हिशेबाने.

वापरताना लक्षात ठेवण्यासारखे बरेच आहे. उपकरणाला साखर ओळखता येत नाही. रसातली आम्ले, क्षार, सगळे विरघळलेले पदार्थ मिळून तो आकडा येतो. कच्च्या, आंबट मण्यांचा ब्रिक्स म्हणून जिभेला वाटतो त्यापेक्षा जास्त भरू शकतो. तापमान वाढले की द्रवाचा अपवर्तनांक घटतो, त्यामुळे भर दुपारी तापलेल्या उपकरणावर २० अंश सेल्सिअसच्या मानाने आकडा कमी दिसतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे उपकरण नसेल तर ती कोष्टकावरून करावी. सुरुवातीला डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का पाहावे. आदल्या दिवशीच्या वाळलेल्या रसाचा पापुद्रा काचेवर असेल तर सगळेच मुसळ केरात. आणि घडाच्या वरच्या मण्यांची गोडी खालच्या मण्यांसारखी नसते, तेव्हा एकाच मण्यावरून तोड ठरवू नये.

उसाची पक्वता अशीच पाहतात. बुडख्याचा ब्रिक्स आणि शेंड्याचा ब्रिक्स यांतले अंतर कमी झाले की ऊस तयार. तुपाच्या भेसळ तपासणीतही ४० अंश सेल्सिअसला घेतलेले ब्यूटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचे रीडिंग हा अन्नसुरक्षा मानकाचा भाग आहे. बहुतेक वनस्पती तेलांनी ते रीडिंग वर जाते. खोबरेल तेलाचे मात्र तुपाहूनही कमी असते. दोन्ही हिशेबाने मिसळली तर रीडिंग योग्य येऊ शकते, म्हणून एकट्या त्या आकड्यावर तूप पास होत नाही, इतर चाचण्याही कराव्या लागतात.

उन्हात रस्त्यावर पाणी साचल्यासारखे दिसते. तेही हेच?

हेच, फक्त काच-पाण्यासारखी ठळक सीमा नसते. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, तिचा अपवर्तनांक वरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो. किंचित म्हणजे लाखात दोन-तीन भागांचा फरक. जमिनीला जवळजवळ समांतर येणारा किरण या थरांतून हळूहळू वर वळतो आणि डोळ्यात आकाश येते. रस्त्यावर आकाश दिसले की मेंदू त्याचा अर्थ पाणी असा लावतो. फरक इतका बारीक असल्याने किरण अर्ध्या अंशाहूनही कमी तिरका असावा लागतो. गाडीत बसलेल्या माणसाला म्हणून हे पाणी शेदीडशे मीटरच्या पलीकडेच दिसते आणि जवळ जाऊ तसे पुढे पळते.

थंड समुद्रावर उलटे होते: खाली थंड, वर उबदार हवा, आणि किरण खाली वळतात. क्षितिजाआडच्या वस्तू वर उचलल्या जातात. १५९७ च्या जानेवारीत उत्तर ध्रुवाजवळच्या नोव्हाया झेमल्या बेटावर अडकलेल्या डच दर्यावर्दी विलेम बारेंट्झच्या खलाशांना महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य दिसला तो हिशेबापेक्षा दोन आठवडे आधी. त्या काळी अनेकांनी त्यांना खोटे ठरवले.

मावळताना दिसणारा सूर्य खरे तर आधीच मावळलेला असतो, हे खरे का?

खरे. क्षितिजाजवळ वातावरण प्रकाशाला सुमारे ३४ कला वाकवते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला. म्हणजे बिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते त्या क्षणी, वातावरण नसते, तर सगळे बिंब क्षितिजाखाली असते. उगवतानाही हेच. शिवाय सूर्योदय-सूर्यास्त बिंबाच्या वरच्या कडेवरून धरतात, त्याच्या १६ कला वेगळ्या. हे सगळे मिळून विषुवदिनी पुण्यात दिवस बारा तासांचा नसून सुमारे सात मिनिटे मोठा असतो. 'विषुवदिनी दिवस-रात्र समान' हे वाक्य त्या अर्थाने ढोबळ आहे.

बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य चपटा दिसतो. आणि खग्रास चंद्रग्रहणात चंद्र पूर्ण काळा न होता तांबूस दिसतो, तो पृथ्वीच्या वातावरणाने आत वाकवलेल्या प्रकाशामुळे.

इंद्रधनुष्य भर दुपारी का दिसत नाही?

थेंबात शिरताना अपवर्तन, आत एक परावर्तन, बाहेर पडताना पुन्हा अपवर्तन, एवढे झाल्यावर प्रकाशाचा जोर सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर एकवटतो. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सगळी कमान जमिनीखाली जाते. जुलैत आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. म्हणून सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला पाहायचे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र हे मात्र इंद्रधनुष्य नव्हे. आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती काही अंशांचे रंगीत कडे, आणि तेही धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे. तिथे किरणांच्या वाकण्याचे साधे गणित पुरत नाही, तरंगांचे विवर्तन (कडेशी पसरणे) आणि व्यतिकरण (एकमेकांत मिसळून वाढणे किंवा पुसले जाणे) लागते. दोन्हींना एकच समजणारे लेख दर पावसाळ्यात फिरतात.

पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी कमी होते, मग लाल वस्तू निळी का दिसत नाही?

कारण वारंवारता बदलत नाही, आणि डोळ्याला कळतो तो रंग वारंवारतेवर ठरतो. शिवाय तरंग डोळ्याच्या आत गेल्यावर तिथल्या द्रवातूनच पडद्यावर पोहोचतो. बाहेर हवा असो वा पाणी, आतली तरंगलांबी तीच.

एकाच किरणाचे दोन किरण करणारा खडक खरेच असतो?

असतो, कॅल्साइट. रास्मुस बार्थोलिनने १६६९ मध्ये आइसलँडच्या स्फटिकांवर हे नोंदवले. त्यात प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेनुसार दोन वेगळे अपवर्तनांक असतात, १.६६ आणि १.४९, म्हणून खालचे अक्षर दुहेरी दिसते. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांबरोबर कॅल्साइटही मिळते. पारदर्शक तुकडा हाती लागला तर वर्तमानपत्रावर ठेवून गोल फिरवा: दोनपैकी एक अक्षर जागेवर राहते, दुसरे त्याच्याभोवती फिरते.

घरी करून पाहण्यासारखे काय आहे?

नाणे-वाटीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, तो सोडतो. बोरोसिलिकेट काचेची छोटी नळी किंवा काचेची कांडी घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. मोठ्या काचेच्या ग्लासात खाद्यतेल ओतून ती बुडवा. काच १.४७, तेलही १.४७ च्या आसपास, बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो. नळी असेल तर ती आतूनही तेलाने भरली पाहिजे, नाहीतर आतली हवा तिला उघडे पाडते. साधी खिडकीची काच वापरली तर कड पुसटशी दिसत राहते. वेगवेगळी तेले घेऊन पाहिली तर कोणते सर्वांत चांगले जुळते ते कळते. ग्लिसरीनही चालते, आणि ते धुवायला सोपे.

लेझर पॉइंटर वापरायचा असेल तर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे किरण दिसेल, आणि पॉइंटर टेबलाला टेकवून, डोळ्यांच्या उंचीच्या बराच खाली धरा. भांड्याच्या बाजूने परावर्तित होणारा किरण कुठे जातो ते दिवा घालवण्याआधी पाहून ठेवा.